रडणारं पोर कोणाचं?

अमेरिकेहून कोणी सुट्टीवर आलं की ऑफिसच्या कँटीनमध्ये एक वाद हमखास रंगतो. पंधरा-सोळा तासांची फ्लाइट, मागच्या रांगेत रडणारं बाळ आणि "लोक एवढ्या लहान मुलांना घेऊन प्रवास करतातच कशाला?" लगेच दोन पार्ट्या पडतात. ज्यांना मुलं आहेत ते एकीकडे, ज्यांना नाहीत ते दुसरीकडे. एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडच्यांचं एकमत असतं. पूर्वी म्हणे हा प्रॉब्लेमच नव्हता. पूर्वीची माणसं प्रेमळ होती, मुलं शहाणी होती, वगैरे वगैरे.

मी खानदेशातला. घर जळगावला, आजोळ धुळ्याला. त्यामुळे 'पूर्वीचा प्रवास' म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा चाळीसगाव जंक्शन येतं. म्हटलं, चला, या वीकेंडला हे 'पूर्वी' नक्की काय होतं ते जरा नीट बघू.

तर सुरुवात रेल्वेपासून. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे आपण शाळेत घोकलेलं असतं. त्यानंतर दहा-बारा वर्षांत जीआयपी रेल्वेचे रूळ चाळीसगाव, जळगाव करत भुसावळच्या पुढे गेले आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लाइन जोडली गेली. धुळ्याला मात्र थांबावं लागलं. चाळीसगाव-धुळे हा साधारण ३५ मैलांचा फाटा १९०० साली सुरू झाला. त्याआधी धुळ्याच्या माणसाला मुंबई गाठायची तर आधी बैलगाडीने किंवा टांग्याने स्टेशन गाठा, मग पुढचं बोला.

थर्ड क्लासचे डबे म्हणजे लाकडी बाकडी, आणि सुरुवातीच्या काळात डब्यात संडास नाही. मोठी माणसं स्टेशन येईपर्यंत कळ काढतील. दोन वर्षांचं पोर टाइमटेबल बघून थोडंच चालतं? त्यामुळे आई, लुगडं, बाकडं आणि शेजारचा प्रवासी या सगळ्यांचं काय होत असेल याची कल्पना करा.

यावर कायदा आला १८९० साली. त्या वर्षीच्या रेल्वे अ‍ॅक्टच्या ६४ व्या कलमाने प्रत्येक पॅसेंजर गाडीत सर्वांत खालच्या क्लासचा निदान एक कंपार्टमेंट फक्त बायकांसाठी राखून ठेवणं रेल्वे कंपन्यांना बंधनकारक झालं. गाडी ५० मैलांपेक्षा जास्त जाणारी असेल तर अशा एका कंपार्टमेंटला संडासही हवा. आता आमचा धुळ्याचा फाटा ३५ मैलांचा. म्हणजे कायद्याच्या हिशेबात धुळे पॅसेंजरमधल्या आयांनी आणि पोरांनी कळ काढणं अपेक्षित होतं. :)

या कलमाचा हेतू बायकांची अब्रू आणि पडदा सांभाळण्याचा. मुलांचा त्यात उल्लेख नाही. पण बायका जिकडे, तिकडे मुलं. जनाना डबा हा न सांगता पोरांचाही डबा झाला. म्हणजे रडणं, ओकणं, शी-शू, सगळं एका डब्यात, आणि बाकीच्या गाडीतल्या पुरुषांना तेवढीच शांतता. क्वायट झोन ही आयडिया एअरलाइन्सनी काढली असं आपण समजतो, पण तिचा पणजोबा हा आपल्याच रुळांवर धावत होता. फरक इतकाच की तिथे मोठ्यांना वेगळं न काढता पोरांना आयांसकट वेगळं काढलं होतं.

अर्थात सगळ्या बायका काही त्या डब्यात मावत नव्हत्या. माझी आजी नेहमी साध्या डब्यातूनच गेली. चाळीसगावला गाडी बदलायची, कडेवर एक, बोटाला एक, डोक्यावर ट्रंक. तिच्याकडून ऐकलेल्या प्रवासाचं गणित ठरलेलं असायचं. आधी दारातली माणसं "जागा नाही, पुढे जा" म्हणून ओरडणार. एकदा आत घुसलं की तीच माणसं सरकून जागा करणार. मग वरच्या फळीच्या दांडीला लुगडं बांधून झोळी. झोळीतलं पोर रडलं की ज्याचा हात पोचेल त्याने झोका द्यायचा. दशम्यांचा डबा उघडायचा, फिरकीचा तांब्या फिरायचा, कोणीतरी शेव-मुरमुरे काढायचं आणि पहिला घास पोराच्या हातात. कोणी कुरकुरलंच तर एखादी म्हातारी त्याला गप्प करायची, "रडू दे त्याले, पोऱ्या शे तो!"

इथपर्यंत वाचून कँटीनमधली पार्टी म्हणेल, बघा, आम्ही काय म्हणत होतो? थांबा जरा. 'पूर्वी'चे अजून दोन तुकडे बघायचे आहेत.

पहिला तुकडा समुद्रावरचा. लहान मूल घेऊन लांबचा प्रवास करणाऱ्या मराठी आईचं ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईहून इंग्लंडला निघाल्या तेव्हा मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. नवरा वारलेला. बोटीचा प्रवास काही आठवड्यांचा. पुढे १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हाही मनोरमा बरोबर होती. आपण सोळा तासांना घाबरतो!

त्याच काळात अशाच बोटींवर साहेबांची मुलंही जात. पण ती सांभाळायला बरेचदा आया असत, म्हणजे मेमसाहेबांनी प्रवासापुरत्या बरोबर घेतलेल्या इथल्या बायका. बोट लागणाऱ्या पोराला रात्रभर डेकवर फिरवणं हे त्यांचं काम. लंडनला पोचल्यावर गरज संपली की कित्येकींना तिथेच सोडून दिलं जाई. परतीच्या बोटीवर दुसरं कुटुंब मिळेपर्यंत त्यांनी राहायचं कुठे? त्यासाठी लंडनमध्ये 'आयाज होम' होतं, आधी ऑल्डगेटला आणि १९०० पासून हॅकनीला. २०२२ मध्ये हॅकनीच्या त्या घरावर निळी पाटी लागली. म्हणजे इतर प्रवाशांची झोपमोड होऊ नये म्हणून पैसे मोजले जात होतेच, फक्त झोपमोड आयाच्या वाट्याला आली.

दुसरा तुकडा आपल्या रुळांवरचा, आणि तो वाचताना मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. साल १९०१. नऊ वर्षांचे भीमराव आंबेडकर, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून वडिलांना भेटायला एकटीच निघाली. वडील कोरेगावला नोकरीला. मुलं नवे कपडे घालून, जरीच्या टोप्या घालून मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र मिळालं नव्हतं, त्यामुळे न्यायला कोणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने विचारपूस करायला आला. मुलं महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो निघून गेला. दुप्पट पैसे देऊ केले तरी एकही गाडीवान त्यांना बसवून न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं. डब्यात जेवण होतं, पण पाणी कुठेच मिळेना. लहान मुलं रात्रभर तहानलेली राहिली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत बाबासाहेबांनी हे सगळं लिहून ठेवलंय.

त्याच आठवणींत पुढे आपलं चाळीसगाव येतं. १९२९ साली सरकारी कमिटीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळे लाइनवरच्या एका गावात बहिष्काराची चौकशी करून ते त्याच फाट्यावरच्या गाडीने चाळीसगावला परतले. तिथे एकाही टांगेवाल्याला त्यांचा टांगा हाकायचा नव्हता. टांगा भाड्याने दिला, पण हाकायला बसला एक नवखा माणूस. नदीवरच्या मोरीवर टांगा आपटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचं हाड मोडलं.

माझी आजी गाडी बदलायची ते हेच स्टेशन. तिच्या पोराला झोका देणारे हात आणि मसूरच्या मुलांना पाणी न देणारे हात हे काही दोन वेगवेगळ्या जमातींचे नव्हते. तोच समाज, तोच काळ. पोर 'आपल्यातलं' वाटलं की डबाभर मामा-मावश्या, आणि नाही वाटलं की घोटभर पाणीसुद्धा नाही. पूर्वीच्या माणसांचं प्रेम खरंच होतं, पण ते वाटायच्या आधी आडनाव विचारलं जायचं. 'पूर्वी असं नव्हतं' म्हणताना हे सोयीस्करपणे विसरता कामा नये.

आता विमानाकडे येऊ. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनीव्हा करत लंडनला गेलं. त्या सुमाराच्या विमानांत बाळांसाठी काय सोय असायची माहितीये? काही एअरलाइन्सच्या विमानांत सामानाच्या रॅकला टांगलेला छोटा पाळणा! म्हणजे आमच्या आजीची झोळीच की. पुढे पाळणा रॅकवरून उतरून समोरच्या भिंतीवर गेला, त्याला आपण बॅसिनेट म्हणतो.

पण एक गोष्ट पाळण्याने सुटत नाही. विमानातल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवतात. विमान खाली यायला लागलं की दाब वाढतो आणि कानाच्या पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ लागतो. आपण जांभई देतो, गोळी चघळतो. बाळाची कान आणि घसा जोडणारी नळी अरुंद आणि आडवी असते, आणि गिळायचं हे त्याला कोणी सांगू शकत नाही. म्हणून लँडिंगच्या आधी रडारड सुरू होते. त्या वेळी अंगावर किंवा बाटलीने पाजलं तर गिळण्यामुळे बराच फरक पडतो. ते हट्टाने रडत नाहीये, त्याचा कान दुखतोय. रेल्वेच्या उघड्या खिडकीत हा प्रश्नच नव्हता.

आणि दुसरा फरक सीटचा. जनरल डब्यात जागा ही वाटाघाटीची गोष्ट असते. तिथे कोणाचंच काही पूर्ण मालकीचं नसतं, त्यामुळे दुसऱ्याचं पोर मांडीवर घेणं हेही त्या वाटाघाटीतच येतं. विमानात १७-सी म्हणजे १७-सी. आर्मरेस्टच्या आत माझं राज्य, आणि त्यात शिरलेला आवाज म्हणजे घुसखोरी. खरं तर तिकिटावर शांतता कुठेच लिहिलेली नसते. उलट आंतरराष्ट्रीय फ्लाइटवर दोन वर्षांखालच्या बाळासाठीही साधारण दहा टक्के भाडं घेतात, आणि सीट मात्र देत नाहीत.

ही शांतता मग वेगळी विकायला निघाली. २०१३ मध्ये एअरएशिया एक्सने क्वायट झोन आणला, २०१६ मध्ये आपल्या इंडिगोने. २०१९ मध्ये जपान एअरलाइन्सच्या सीट मॅपवर बाळ कुठे बसणार हे दिसायला लागलं. आणि २०१२ च्या सुमारास अमेरिकेत आणखी एक पद्धत गाजली. आईबाप आजूबाजूच्या प्रवाशांना छोटी पाकिटं वाटतात. आत चॉकलेट, कानात घालायचे बोळे आणि बाळाच्या नावाने एक चिठ्ठी, "मी रडलो तर सॉरी." लोकांना ते फार गोड वाटलं. मला वाईट वाटलं. धुळे पॅसेंजरमध्ये खाऊ प्रवाशांकडून पोराकडे यायचा. इथे तो पोराकडून प्रवाशांकडे जातोय, आणि तोही रडायच्या आधी, दंड म्हणून!

आम्हीही मुलगी चौदा महिन्यांची असताना मुंबईहून अमेरिकेला गेलोय. तेव्हा लक्षात आलं ते असं. ती बायकोच्या मांडीवर रडली की भोवतालच्या भुवया वर जायच्या. तीच मुलगी तसंच रडत असताना मी तिला घेऊन फेऱ्या मारल्या की लोक हसून म्हणायचे, "व्हॉट अ गुड डॅड!" रडणं तेच, डेसिबल तेच. म्हणजे १८९० च्या कायद्यातलं गृहीतक अजून जिवंत आहे. पोराचा आवाज ही आईची जबाबदारी, आणि बापाने उचललं तर ते समाजकार्य.

डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेत जळगावहून मुंबईला वीसपेक्षा कमी सीटांचं विमान सुरू झालं, मग बंद पडलं, नंतर वेगवेगळ्या कंपन्यांनी पुन्हा सेवा सुरू केल्या. म्हणजे आता खानदेशातल्या पोरांचे कानही दुखणार. त्यांच्या शेजारी बसणार तुम्ही-आम्हीच.

मला क्वायट झोनबद्दल राग नाही. दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशन असलेल्या माणसाला झोप हवी असणं हा काही गुन्हा नाही. हेडफोन घ्या, मागे-पुढे सीट मागा, जरूर मागा. पण जनाना डब्याचा, आयांचा आणि मसूरच्या मुलांचा इतिहास वाचल्यावर एक गोष्ट पटते. मुलं तेव्हाही अशीच रडत होती. दर काळात प्रश्न एवढाच होता की त्याचा भार कोणी उचलायचा, आणि दर वेळी तो ज्याची सर्वांत कमी चालते त्याच्यावर टाकला गेला. आजीच्या डब्यातलं जे घेण्यासारखं आहे ते घ्यायला काय हरकत आहे? त्या शेव-मुरमुऱ्यांना तेव्हा आडनावाची अट असायची, आपण ती काढून टाकू. पुढच्या फ्लाइटला शेजारच्या आईला निदान "अहो, राहू द्या, रडू दे त्याला" एवढं म्हणायला ना सीट सोडावी लागते, ना पैसे पडतात.

असो. भुसावळच्या लोको शेडवर कधीपासून लिहायचंय, बघू पुढच्या शनिवारी जमतं का.