निजामाच्या ‘सरकारी’ तिकिटापासून मोबाइलमधल्या दोन ईमेलपर्यंत

मंडळी, घरचं टपाल वेगळं आणि कामाचं वेगळं, ही गोष्ट आपल्या पूर्णेच्या भागाला नवी नाही. फक्त आपण ती विसरलोय.

आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचं स्वतःचं टपाल खातं होतं आणि १८६९ पासून स्वतःची तिकिटं होती. १८७१ पासूनच्या तिकिटांवर किंमत इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांत असायची. कचेरीच्या पत्रांसाठी मात्र १८७३ पासून तिकिटावर उर्दूत ‘सरकारी’ असं छापलं जाऊ लागलं. ब्रिटिश मुलखात तर १८६६ पासूनच ‘सर्व्हिस’ छापलेली तिकिटं होती. कारण साधं. पत्र घरचं की कचेरीचं, खर्च कुणाच्या नावावर, हे पाकीट पाहूनच कळावं.

संस्थान भारतात आलं, १९५० मध्ये ही तिकिटं बंद झाली. जुलै २०१३ मध्ये तारही बंद झाली. तोवर ईमेल आला होता.

१९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी पत्त्यात @ हे चिन्ह वापरलं. एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला तो ज्या संगणकावर काम करतो तो. म्हणजे सुरुवातीचा पत्ता बहुतेक करून संस्थेचाच. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्याच वर्षी सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं. त्यामागची अडचण काय होती? आपसातले निरोप ऑफिसच्या ईमेलवरून पाठवले तर साहेबाला दिसतील! तिथून नोकरी सुटली तरी आपल्याजवळ राहणारा, स्वतःचा फुकट पत्ता सामान्य माणसाला मिळाला.

२००८ नंतर अँड्रॉइड फोन आले आणि फोन सुरू करतानाच ईमेल मागू लागले. आपल्याकडे घोळ इथे झाला. अनेकांचा आयडी दुकानदाराने घाईत बनवून दिला, पासवर्ड कुणाच्याच लक्षात नाही. ऑनलाइन फॉर्म भरताना कित्येकदा सेंटरवाल्याचाच ईमेल टाकला जातो. मग मुलाखतीचं पत्र, प्रवेशाची यादी, ओटीपी सगळं जातं त्याच्याकडे. पोराला कळतं तेव्हा तारीख उलटलेली असते.

म्हणून चार कामं आजच करा.

१. घरातल्या प्रत्येक कमावत्या आणि शिकत्या माणसाचा स्वतःचा ईमेल हवा. पासवर्ड घरच्या वहीत लिहा, मोबाइलच्या खोक्यावर नको. मोबाइल नंबर बदलला तर ईमेलमध्येही बदला.

२. नोकरीचा ईमेल त्याच फोनमध्ये हवा असेल तर जीमेल ॲपमध्ये वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर टॅप करा आणि दुसरं खातं म्हणून जोडा. दोन्ही टपालं वेगळी राहतात.

३. ऑफिसचं खातं जोडताना फोन परवानगी मागतो, ती वाचा. काही ठिकाणी फोन दुरून पुसायचा अधिकारही ऑफिसला मिळतो. तुमचे फोटोही त्याच फोनमध्ये आहेत.

४. बँक, आधार, पोरांचे फॉर्म कधीही ऑफिसच्या ईमेलवर नकोत. नोकरी गेली, बदली झाली, की तो पत्ता तुमचा नाही.

दीडशे वर्षांपूर्वी कारकुनाला ‘सरकारी’ तिकीट घरच्या पत्राला लावायचं नाही एवढं कळत होतं. आपल्या हातात तर अख्खं टपाल ऑफिस आहे. त्याची किल्ली तरी आपल्याकडे ठेवूया.