तोट्याची हमी की नफ्यातला वाटा?

काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या एका मित्राने नोकरी सांभाळून एक छोटंसं प्रॉडक्ट बनवलं होतं. एका सरकारी योजनेतून अनुदानही मिळालं. त्यानंतर सहा महिने कोड कमी आणि खर्चाचे दाखले जास्त लिहिले! प्रॉडक्ट तयार झालं, पण ते विकायचं कुणाला आणि कसं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. यथावकाश दुकान बंद. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय: सरकारने स्टार्टअपला मदत करावी तरी कशी? मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर इस्रायलच्या इतिहासात आहे.

१९८७ साली इस्रायलने 'लावी' या लढाऊ विमानाचा प्रकल्प रद्द केला आणि बरेच इंजिनिअर मोकळे झाले. पाठोपाठ सोव्हिएत युनियनमधून ज्यू लोकांची लाट आली. १९९० आणि १९९१ या दोनच वर्षांत तीन लाखांहून जास्त माणसं, त्यात इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ भरपूर. पन्नास लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशात एवढ्या लोकांना काम कुठून देणार?

संशोधनाला अनुदान देणारं 'चीफ सायंटिस्ट' हे सरकारी कार्यालय तिथे आधीपासून होतं. यिगाल एर्लिख तेव्हा या पदावर होते. त्यांच्या लक्षात आलं की अनुदान घेतलेल्या कंपन्या तंत्रज्ञान उत्तम बनवतात, पण पुढे बाजारात आपटतात. (वाचताना मला आरशात बघितल्यासारखं झालं!) कमी होती ती धंदा कळणाऱ्या गुंतवणूकदारांची, म्हणजे व्हेंचर कॅपिटलची.

पहिला प्रयत्न १९९२ मध्ये झाला, नाव 'इन्बाल'. शेअर बाजारात नोंदलेले व्हेंचर फंड काढा, बुडालात तर भांडवलाच्या ७० टक्क्यांपर्यंत सरकारची हमी. ऐकायला झकास, पण योजना फसली. तोटा सरकार भरणार म्हटल्यावर चांगली कंपनी शोधायची धडपड कोण करणार? शिवाय हमी आली की कागदपत्रं आलीच.

मग १९९३ मध्ये आली 'योझ्मा'. या हिब्रू शब्दाचा अर्थ 'पुढाकार'. सरकारने १० कोटी डॉलर बाजूला काढले आणि १० खासगी फंड उभे करायला मदत केली. एका फंडात सरकारचे जास्तीत जास्त ४० टक्के, म्हणजे साधारण ८० लाख डॉलर. उरलेले खासगी भागीदारांचे, आणि त्यात एक अनुभवी परदेशी गुंतवणूक संस्था हवीच. पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, धंदा शिकवणारा माणूस त्या संस्थेबरोबर आपोआप आला.

खरी गंमत पुढे आहे. तोटा झाला तर हमी वगैरे काही नाही. पण फंड चालला, तर पाच वर्षांच्या आत सरकारचा हिस्सा मूळ किंमत अधिक व्याज देऊन विकत घ्या आणि वरचा नफा तुमचा! दहापैकी आठ फंडांनी तो हिस्सा विकत घेतला. १९९७ पासून सरकारने यातून अंग काढून घेतलं.

आता कुणी म्हणेल, करदात्याच्या पैशावरचा नफा श्रीमंतांना का सोडला? प्रश्न रास्त आहे. पण सरकारला फंडातून कमाई करायचीच नव्हती, देशात नसलेला एक धंदा सुरू करायचा होता. तो सुरू झाल्यावर बाजूला होणं हा योजनेचाच भाग होता.

सगळं श्रेय योझ्माला देणंही बरोबर नाही. आपल्यातल्या अनेकांनी ज्यावर रात्री जागवल्या ते 'आयसीक्यू' बनवणारी मिराबिलिस १९९८ मध्ये एओएलने २८ कोटी डॉलरहून जास्त देऊन घेतली, आणि तिचं सुरुवातीचं भांडवल खासगी होतं. तयार इंजिनिअर आणि अमेरिकेतली तेजी नसती तर योझ्माचं काय झालं असतं, देव जाणे.

आपल्याकडेही २०१६ मध्ये केंद्राने १०,००० कोटींचा 'फंड ऑफ फंड्स' जाहीर केला. सिडबीमार्फत पैसे खासगी फंडांत जातात, ते फंड स्टार्टअप निवडतात. दिशा तीच आहे. अशी कुठलीही योजना वाचताना मी आता रक्कम नंतर बघतो. आधी बघतो की कंपनी चालली तर कुणाचा फायदा, आणि बुडाली तर कुणाच्या खिशाला चाट.

असो. मित्राला ही गोष्ट सांगितली तर म्हणाला, "आपल्याला पैसे नको होते रे, एखादा विकणारा हवा होता." खरंय त्याचं.