कर्करोगाचा शोध आणि राजाश्रय

(१)

गतवर्षीं निफाड तालुक्यांतील एका वैद्य घराण्यांतून आम्हांस एक जुनें बाड पहावयास मिळालें. पत्रें सुमारें चाळीस असून अक्षर मोडी व मधून मधून बाळबोध आहे. शक अथवा लेखकाचें नांव कोठेंहि नाहीं. ज्वर, मूळव्याध व नेत्ररोग यांवरील योगांनंतर गांठीवरील लेपाचें एक पत्र लागतें. त्यांतील पांच द्रव्यांपैकीं तीन स्पष्ट आहेत. उरलेलीं दोन घरच्या सांकेतिक नांवांनीं लिहिलीं आहेत. तीं कोणतीं, हें त्या घराण्यांत आतां कोणासहि ठाऊक नाहीं. लेप गुणकारी होता कीं नव्हता हें आम्ही सांगूं शकत नाहीं, आणि त्याची परीक्षा करणेंहि यापुढें कोणास शक्य नाहीं.

संग्राहकांस असे अनुभव नवे नाहींत. परंतु या वेळीं तें पत्र हातीं धरून आम्ही नेहमींपेक्षां अधिक वेळ बसून राहिलों; कारण त्याच सुमारास आमच्या थोरल्या भगिनी कर्करोगानें अंथरुणास खिळल्या होत्या. अशा रोगावरील उपायाचा शोध खासगी हातांत ठेवावा, दात्यांच्या औदार्यावर सोपवावा, कीं राज्यानें आपल्या तिजोरींतून व आपल्या पुढारपणाखालीं चालवावा, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत घोळत आहे. तो राजकारणाचा म्हणून या पत्रिकेच्या कक्षेबाहेरचा वाटेल. पण त्यास इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचीं साधनें बऱ्याच अंशीं आपल्याच प्रांतांत आहेत.

(२)

रोग नवा नाहीं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत अकराव्या अध्यायीं ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचें निदान दिलें आहे. अर्बुद सहसा पिकत नाहीं, रक्तार्बुद व मांसार्बुद असाध्य होत, एका अर्बुदावर दुसरें उठलें तर तेंहि असाध्य, असें ग्रंथकार सांगतो. चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायांत तर अर्बुद निःशेष काढावें, अंश राहिल्यास तें पुन्हां वाढून विझवितांना राहिलेल्या अग्नीप्रमाणें घात करतें, असा इशारा आहे. प्राचीनांचें अर्बुद व आजचा कर्करोग हे सर्वथा एकच, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. तथापि शस्त्र धरणाऱ्याची तीच चिंता आजहि कायम आहे, हें कोणीहि मान्य करील.

औषधोपचार हें राजाचें कर्तव्य होय, ही कल्पनाहि जुनीच. अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शासनांत मनुष्यांची व पशूंची अशी द्विविध चिकित्सा चालविल्याचें व जेथें वनौषधी नव्हत्या तेथें त्या आणवून लावविल्याचें नमूद आहे. आपल्याकडे सोपारा येथें याच मालिकेंतील आठव्या व नवव्या शासनांचे तुकडे सांपडले आहेत. तेव्हां ही राजाज्ञा या किनाऱ्यास अपरिचित नसावी. मात्र एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. अशोकानें ज्ञात औषधें पोहोंचविलीं. अज्ञात औषध शोधण्यासाठीं राज्यानें द्रव्य खर्चावें, हा विचार अर्वाचीन आहे.

(३)

आपल्या प्रांतांत त्याचें पहिलें ठळक उदाहरण म्हणजे प्लेगची लस होय. इ. स. १८९६ सालीं मुंबईंत सांथ उद्भवतांच सरकारनें हाफकीन यांस तेथें पाठविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील अपुऱ्या जागेंत त्यांनीं लस सिद्ध करून ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या शरीरांत टोचून घेतली. पुढें इ. स. १८९९ सालीं परळ येथील जुनें गव्हर्नमेंट हाऊस त्या कार्यास मिळालें व इ. स. १९२५ पासून ती संस्था हाफकीन यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली.

दुसरें उदाहरण आमच्या वाचकांच्या अधिक निकटचें आहे. इ. स. १८६६ पासून मुंबई सरकारनें संस्कृत हस्तलिखितांचा शोध आपल्या खर्चानें चालविला. ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृति विद्वानांनीं गांवोगांव हिंडून सतरा हजारांवर पोथ्या मिळविल्या, त्या इ. स. १९१८ सालीं पुणें येथील भांडारकर संस्थेच्या स्वाधीन झाल्या. याच्या उलट राजवाड्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें सरकारच्या आश्रयावांचून, उपासतापास काढून जमविलीं. दोन्ही शोध थोर आहेत. राजवाड्यांचें तेज सरकारी खात्यांत निर्माण होत नसतें, हें खरें. परंतु प्रत्येक पिढींत राजवाडे जन्मास येतीलच, या भरंवशावर कोणत्याहि देशानें आपले कागद वाळवीच्या स्वाधीन करूं नयेत.

(४)

आतां मुख्य प्रकरणाकडे वळूं. लेडी मेहरबाई टाटा इ. स. १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पति सर दोराबजी यांनीं त्या रोगाच्या संशोधनार्थ त्यांच्या नांवें निधि स्थापिला व इ. स. १९३२ सालीं तेहि निवर्तले. त्यांच्या विश्वस्तांनीं परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उभारलें; तें ता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. म्हणजे आरंभ सरकारनें केलेला नाहीं. तो एका घरच्या दुःखांतून व एका घरच्या द्रव्यांतून झाला.

तेथील प्रयोगशाळा वसंत रामजी खानोलकर यांच्या हातीं आली. इ. स. १९४५ सालीं त्यांनीं लोकांच्या चालीरीतींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगांचा विचार प्रसिद्ध केला. धोतराची गांठ कमरेस वर्षानुवर्षें घासून होणारा रोग त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. असल्या रोगाची चौकशी लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा कोणता संशोधक करणार होता? आपल्या लोकांच्या कमरेचें धोतर व तोंडांतील तंबाखू यांचा शोध आपणच घ्यावयाचा असतो.

पुढील क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. इ. स. १९५२ सालीं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्यानें खानोलकरांच्या नेतृत्वाखालीं कर्करोग संशोधन केंद्र स्थापिलें; इ. स. १९५७ सालीं त्याच खात्यानें रुग्णालय आपल्याकडे घेतलें, इ. स. १९६२ सालीं दोन्ही संस्था अणुशक्ति खात्याकडे गेल्या व इ. स. १९६६ सालीं एक झाल्या. पुण्याच्या कमल रणदिवे यांनीं खानोलकरांच्या हाताखालीं पदवी मिळविली, अमेरिकेंत पेशीसंवर्धनाची विद्या घेतली, आणि परत येऊन या केंद्रांत पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा थाटली. दात्यांनीं बीज पेरलें; पण दरवर्षीं पाणी घालण्याचें काम राज्यासच करावें लागलें, कारण कोणत्याहि निधीचें व्याज रोगाच्या वाढीबरोबर वाढत नाहीं.

(५)

प्रतिपक्षाचीं प्रमाणेंहि नोंदविलीं पाहिजेत. इ. स. १९७१ सालीं अमेरिकेनें मोठा कायदा करून या रोगाविरुद्ध जणूं युद्धच पुकारलें. कांहीं पुरस्कर्त्यांस तर इ. स. १९७६ पर्यंत उपाय हातीं येईल अशी आशा होती. ती फोल ठरली. शोध हुकुमानें लागत नाहीं. शिवाय रक्ताच्या कर्करोगांत मुलांस प्रथम उतार देणारें द्रव्य आपल्या देशाच्या यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या देखरेखीखालीं अमेरिकेंतील एका खासगी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेंत तयार झालें; बोस्टनच्या फार्बर यांनीं त्याचा परिणाम इ. स. १९४८ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां व्यापारी शोध करीतच नाहीं, हें म्हणणें इतिहासास धरून नाहीं.

व्यापारी शोध करतो. पण ज्यांत विक्री आहे त्याचाच करतो. इ. स. २०२३ सालीं टाटा केंद्रांतील वैद्यांनीं देशांतील अकरा ठिकाणच्या १५८३ स्त्रियांवरील प्रयोगाचा निकाल प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाची गांठ काढण्यापूर्वीं तिच्या सभोंवतीं जागा बधिर करण्याचें नित्याचें औषध टोंचल्यानें, पांच वर्षें रोगमुक्त राहणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ८२.६ वरून ८६.६ वर गेलें. औषध जुनें, स्वस्त व कोणाच्याहि मालकीचें नसलेलें. त्याच्या परीक्षेवर बारा वर्षें खर्च करण्यांत कोणत्या कंपनीचा लाभ होता? अणुशक्ति खात्याच्या पैशावांचून हा प्रयोग झाला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

मुंबईच्या झोंपडवस्त्यांत इ. स. १९९८ पासून सुमारें दीड लाख स्त्रियांवर झालेला प्रयोगहि असाच. सौम्य अॅसिटिक आम्ल लावून साध्या डोळ्यांनीं गर्भाशयमुख तपासावयाचें, एवढाच विधि. परिचारिकाहि नसलेल्या शिकविलेल्या स्त्रियांनीं तो केला, आणि त्या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं घटल्याचें इ. स. २०१३ सालीं जाहीर झालें. मात्र याचा पैसा अमेरिकन सरकारच्या कर्करोग संस्थेचा होता. आणि तुलनेच्या गटांतील स्त्रियांस तपासणी दिली नाहीं म्हणून त्यावर टीकाहि झाली. परक्या राज्यानें पैसा द्यावा व आपल्या वस्तींत प्रयोग व्हावा, हें आम्हांस खटकतें. आपला पैसा असता तर जाब विचारण्याची जागाहि आपली असती.

(६)

तिसरा प्रयोग त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झाला. तेथील तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत होत्या. पैसा एका अमेरिकन दात्याच्या प्रतिष्ठानचा होता. विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटांत या रोगाचे मृत्यु जवळजवळ निम्मे झाले, असें इ. स. २००९ सालीं प्रसिद्ध झालें. त्या वर्षीं आमच्या भगिनींचें वय पंचावन्नाच्या आंतबाहेर होतें व त्यांचा रोग हाच होता. पण ती तपासणी त्यांच्या गांवीं कधीं पोहोंचली नाहीं. रोग कळला तेव्हां शस्त्राचा काळ टळला होता. गेल्या मार्गशीर्षांत त्या गेल्या.

तेव्हां शोध लागणें व शोध पोहोंचणें हीं दोन कार्यें निराळीं असून दुसरें तर राज्यावांचून होतच नाहीं. इ. स. २०२३ सालीं मान्यता मिळालेला, मुंबईची आयआयटी व टाटा केंद्र यांनीं सिद्ध केलेला पेशी-उपचार परदेशांतील तत्सम उपचाराच्या सुमारें दहाव्या हिश्श्यानें मिळतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तो दहावा हिस्साहि निफाडच्या द्राक्षबागाइतदारास आपली बाग विकावयास लावील.

आमच्या गांवाशेजारीं इ. स. १९६४ सालीं सरकारनें विमानांचा कारखाना उभारला. देशरक्षणाचें काम म्हणून तो कोणा व्यापाऱ्यावर सोंपविला नाहीं, व तें योग्यच झालें. त्याच सरकारनें वाघाड येथें धरणहि बांधलें. पण पाटाचें पाणी शेवटच्या शेतास मिळेना, तेव्हां इ. स. १९९० च्या सुमारास ओझरच्या शेतकऱ्यांनीं पाणीवापर संस्था काढून वांटप आपल्या हातीं घेतलें. धरण बांधणें शेतकऱ्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें. वांटप सरकारास साधलें नाहीं.

आमचा निर्णय असा कीं, कर्करोगाच्या शोधाचा मुख्य भार राज्यानें उचलावा, विशेषतः ज्यांत कोणास नफा नाहीं असा. दिशा मात्र जाणत्यांनीं ठरवावी, मुदत घालून फळ मागूं नये, आणि जें कळेल तें सर्वांस खुलें करून शेवटच्या गांवापर्यंत न्यावें. दात्यांस व उद्योजकांस दार मोकळें असावें. दोराबजींचें ऋण विसरण्याजोगें नाहीं.

तें बाड आम्हीं नकलून घेऊन मूळ मालकांस परत केलें. दोन द्रव्यांच्या जागा नकलेंत रिकाम्या सोडल्या आहेत. कोणा वाचकांस तसले संकेत दुसऱ्या बाडांत आढळल्यास त्यांनीं ते प्रसिद्ध करावे, घरांत ठेवूं नयेत, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करतों. इत्यलम्.