मतदार यादीतले आपले नाव

स्वराज्य आले आणि मताचा हक्क सर्वांना एकदम मिळाला, असे आपण समजतो. खरी हकीकत थोडी निराळी आहे.

मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने १९२१ साली ठराव करून बायकांच्या मतावरची बंदी उठविली. परंतु मत देता येई ते ठराविक शेतसारा वा कर भरणाऱ्यांनाच. आपले मिठबाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. पुष्कळ घरांतले पुरुष मुंबईला गिरणीत, आणि गुरे, लावणी, कापणी बायकांच्या अंगावर. जमीन मात्र घोवाच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, नाहीतर खोताची. मग बंदी उठून आपल्या आज्या-पणज्यांच्या हाती काय आले?

१९३५ च्या कायद्याने वाट थोडी रुंद झाली. काही अटींवर मतदार पुरुषांच्या बायकांना, विधवांना आणि लिहितावाचता येणाऱ्या स्त्रियांना मत मिळाले. म्हणजे माझ्यासारखी सातवी शिकलेली कदाचित त्यात बसली असती, पण आयुष्यभर शेत कसणारी, अक्षरओळख नसलेली शेजारीण बाहेरच राहिली असती. हा न्याय मला पटत नाही.

राज्यघटनेने १९५० साली जमीन, शिक्षण, जात, स्त्री-पुरुष या साऱ्या अटी काढून टाकल्या. एकवीस वर्षे पुरी झाली की मत. (अठरा वर्षांची मर्यादा १९८९ पासूनची.) सुधारलेल्या स्वित्झर्लंडात देशाच्या निवडणुकीत बायकांना मत मिळाले ते १९७१ साली!

पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना मात्र निराळेच घडले. उत्तरेकडील कित्येक प्रांतांत बायका स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगत. आपल्याकडेही ‘बाबल्याची आवस’ हीच हाक असते, तेव्हा त्यांना हसू नये. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नोंद चालणार नाही असे ठरविले. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांची नावे त्यामुळे गळाली. कठोर वाटते खरे, पण नवऱ्याच्या ओळखीवर मत दिले असते तर ते पुन्हा नवऱ्याचेच झाले असते.

२०११ पासून आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी आहेत. त्या जागेसाठी उभे राहायचे तरी आधी गावच्या यादीत नाव लागते. लग्न होऊन आलेल्या कित्येक सुनांचे नाव माहेरच्याच यादीत राहून जाते. नमुना ८ भरून दिला की ते इकडे आणता येते.