भा. रा. भागवत : कुमारवयाला साहस देणारा लेखक

मराठी कुमारसाहित्यात साहसकथा आणि विज्ञानकथा या दोन प्रवाहांना लोकप्रियता मिळवून देणाऱ्या लेखकांत भास्कर रामचंद्र ऊर्फ भा. रा. भागवत यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. ३१ मे १९१० रोजी त्यांचा जन्म झाला आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘फास्टर फेणे’ या त्यांच्या मानसपुत्राची ओळख मात्र लेखकाच्या नावाहूनही दूरवर पोहोचली.

जडणघडण

भागवत हे मुळात पत्रकारिता आणि नभोवाणी यांच्या वातावरणात घडलेले लेखक. रेडिओवरील नोकरी सोडून ते १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात उतरले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी आपले लक्ष मुलांच्या वाङ्मयाकडे वळवले. पत्नी लीलावती भागवत यांची त्यांना या कामात मोलाची साथ होती. त्या स्वतः नामवंत बालसाहित्यिका होत्या आणि आकाशवाणीवरील त्यांचे काम श्रोत्यांना परिचित होते. १९५० च्या दशकात या दांपत्याने ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक चालवले.

आधीची परंपरा

भागवतांच्या आधी मराठीत मुलांसाठी चांगले लिहिले गेले नव्हते, असे नाही. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या ‘आनंद’ मासिकाने पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडवले. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या कारागृहात लिहिलेली ‘श्यामची आई’ घराघरांत गेली. ना. धों. ताम्हनकर यांच्या ‘गोट्या’ने मध्यमवर्गीय घरातील मुलाला कथानायकाचा मान दिला. तथापि, या लेखनाचा कल बहुतांशी संस्काराकडे होता. बारा ते सोळा या वयातील मुलाला घराचा उंबरठा ओलांडून जग पाहण्याची जी ओढ असते, तिला पुरेसे खाद्य देणारे मराठी पुस्तक त्या काळी विरळाच. ही उणीव भरून काढणे हे भागवतांचे मुख्य कार्य होय.

व्हर्नची मराठी वाट

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याच्या विज्ञान-साहसकथा भागवतांनी मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांतील काही ठळक पुस्तके. व्हर्नची चंद्रप्रवासाची मूळ कादंबरी १८६५ मधील आहे. म्हणजे माणूस प्रत्यक्ष चंद्रावर उतरला, त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची. भागवतांनी शब्दास शब्द ठेवण्याचा हट्ट धरला नाही. वाक्य मराठी कानाला रुचेल असे फिरवले, शीर्षकेही मराठी वळणाची योजली. परभाषेतील विज्ञानकल्पना सामान्य घरातील मुलाच्या हाती सहज पडावी, हा त्यामागील विचार होता.

फुरसुंगीचा बनेश

भागवतांची खरी कीर्ती स्वतंत्र निर्मितीवर उभी आहे. पुण्याजवळील फुरसुंगी या गावचा बनेश फेणे शिक्षणासाठी पुण्यातील विद्याभवन शाळेत येतो. अंगाने किडकिडीत, सायकलवर भरधाव सुटणारा आणि अचंबा वाटला की ‘टॉक्’ असा आवाज काढणारा हा मुलगा ‘फास्टर फेणे’ म्हणून ओळखला जातो. सुभाष देसाई हा त्याचा जिवलग मित्र, तर माली ही नात्यातील बहीण. या मालिकेची वीस पुस्तके पुढे पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाने वाचकांना उपलब्ध करून दिली.

बनेश हा खेड्यातून शहरात आलेला मुलगा आहे, ही बाब महत्त्वाची. त्याच्यापाशी पैसा नाही, हत्यार नाही, वडीलधाऱ्यांचे पाठबळही प्रत्येक वेळी नाही. चौकस नजर, धाडस आणि सायकल एवढेच त्याचे भांडवल. त्यामुळे कोणत्याही गावातील वाचकाला तो आपल्यातलाच वाटतो. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, ‘फास्टर फेणेची काश्मिरी करामत’, ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’ अशा शीर्षकांवरूनच त्याच्या भ्रमंतीचा आवाका लक्षात येतो. १९६२ च्या चीन युद्धाची पार्श्वभूमीही या मालिकेत आली. उपदेश न करताही धैर्य, मैत्री आणि देशप्रेम ही मूल्ये कथेच्या ओघात मुलांपर्यंत पोहोचली.

फेणेच्या जोडीला भागवतांनी पुस्तकवेडा बिपिन बुकलवार आणि नंदू नवाथे हे आणखी दोन कुमारनायक उभे केले. पुस्तके वाचणारा मुलगाही रहस्य उलगडू शकतो, हे बिपिनच्या रूपाने त्यांनी दाखवले.

पडद्यावर

१९८० च्या दशकात दूरदर्शनवर फास्टर फेणेची मालिका आली. तीत सुमीत राघवन यांनी प्रमुख भूमिका केली. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. अमेय वाघ यांनी रंगवलेला हा तरुण बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराचा छडा लावतो. दिलीप प्रभावळकर यांनी त्यात साक्षात भा. रा. भागवतांचीच व्यक्तिरेखा साकारली. आपल्या नायकासोबत लेखकही पडद्यावर येण्याचा असा मान मराठीत क्वचितच कोणाला लाभला असेल.

आजचे मोल

बंगालीत सत्यजित राय यांनी १९६५ पासून फेलूदाच्या कथा लिहिल्या. तेथील घरांत त्या आजही आजोबांकडून नातवाकडे जातात. मराठीत फेणेचे स्थान त्याच जातीचे आहे. परंतु ते टिकवणे पुढील पिढ्यांच्या हाती आहे. गोव्यात, बेळगावात किंवा दादरा-नगर हवेलीतील सिल्वासात हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो. सिल्वासात घरी मराठी बोलणाऱ्या मुलाच्या कानावर बाहेर गुजराती आणि हिंदी पडते. इंग्रजी शाळेची ओढ वेगळीच. अशा मुलाची मराठी बोलण्यापुरती उरते आणि वाचन बालगीतांपाशी थांबते. मधल्या वयात ‘पुढे काय झाले’ या उत्सुकतेने पान उलटायला लावणारे पुस्तक मिळाले, तरच तो प्रौढ मराठी साहित्यापर्यंत येतो.

भागवतांनी बांधलेला पूल नेमका याच टप्प्यावरचा आहे. शाळांच्या व गावोगावच्या वाचनालयांच्या कपाटांत ही पुस्तके मुलांच्या हाताला लागतील अशा फळीवर असणे, हेच त्यांचे योग्य स्मारक ठरेल.