पाणी दिलेले पोलाद

श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. ती कातरायचा अडकित्ता किंवा शहाळे छाटायचा कोयता घेताना जाणते गिऱ्हाईक पाहते ते पात्याचे पाणी. पाणी देणे म्हणजे लाल तापवलेले पाते पाण्यात बुडवून कठीण करणे. लोहाराला ठाऊक असलेल्या या क्रियेमागचे कारण शोधणे शास्त्रज्ञांना मात्र सोपे गेले नाही. त्या शोधाचा एक धागा मुंबईतून जातो.

१७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे ‘वूट्झ’ नावाच्या पोलादाच्या वड्या पाठवल्या. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला. हे पोलाद मुंबईत तयार होते, असे त्याच्या शीर्षकातच होते. वस्तुतः ते बनत असे कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडू या भागांत. कन्नड व तेलुगूतील ‘उक्कु’ म्हणजे पोलाद. वूट्झ हे बहुधा त्याचेच बिघडलेले रूप. आपला ‘पोलाद’ शब्द फारसीतून आला.

कृती अशी होती. नरम लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड व रुईची पाने मातीच्या मुशीत घालून तोंड लिंपून बंद करीत आणि कोळशाच्या भट्टीत कित्येक तास तापवीत. शुद्ध लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. ती उष्णता त्या भट्टीत मिळणे कठीण. पण लाकडातला कार्बन लोखंडात शिरला, की वितळणबिंदू खाली येतो. शेकडा दीडच्या आसपास कार्बन असलेला गोळा मुशीत तयार होई.

पोलाद व लोखंड यांतील फरक कार्बनमुळे आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८६ मध्येच सांगितले होते. तरीही पिअर्सन यांना हे पोलाद थेट खनिजापासून बनते असे वाटले. पुढे लोहाराचाच मुलगा असलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८१९ मध्ये वूट्झचे पृथक्करण केले आणि त्याचे गुण ॲल्युमिनियममुळे असावेत, असा चुकीचा निष्कर्ष काढला. चूक झाली, पण त्यातूनच सुरी बनवणारे जेम्स स्टोडार्ट यांच्यासह त्यांनी पोलादाच्या मिश्रधातूंवर मोलाचे प्रयोग केले.

वर्गात याची प्रचीती देता येते. चष्मा व चिमटा वापरून शिक्षकांनी स्वतः शिवणाची सुई लाल तापवावी. सावकाश निवू दिली तर ती वाकते. पुन्हा तापवून पाण्यात बुडवली तर काडीसारखी तुटते. कारण कार्बनचे अणू बाहेर पडायला अवधीच मिळत नाही, ते लोखंडाच्या अणुरचनेत अडकून पडतात. अशी दुसरी सुई निळसर होईपर्यंत हलकेच तापवली, की तिला लवचीकपणा येतो. धार टिकावी आणि पातेही तुटू नये, यासाठी लोहार हेच करतो.

१९९८ साली दमास्कस पात्यांवरील नक्षीचे श्रेय पोलादातील व्हॅनेडियमसारख्या अत्यल्प अशुद्धींना देणारा निबंध प्रसिद्ध झाला. जॉन व्हरहोवेन या धातुशास्त्रज्ञाबरोबर त्यावर आल्फ्रेड पेंड्रे या लोहाराचेही नाव आहे. १७९५ च्या निबंधात पाठवणाऱ्याचे नाव आले. मुशी भरणाऱ्यांचे आले नाही. मुलांना हा धडा शिकवताना ती रिकामी जागाही दाखवावी.