पत्त्यामागचे यंत्र : दिल्लीतील ‘फिनिक्स’ प्रकल्पाची कहाणी

तीस सेंटिमीटर उंचीवरून सोडलेली पोलादी गोळी सुमारे ०.२४७ सेकंदात खाली पोहोचते. हा काळ मोजताना अवघ्या १० मिलिसेकंदांची चूक झाली, तरी गुरुत्वत्वरणाचे उत्तर जवळजवळ ८ टक्क्यांनी बिघडते. महाविद्यालयातील साध्या संगणकाकडून असे मापन करून घ्यायचे, तर त्याच्या अंतरंगात कुठवर शिरावे लागते? या प्रश्नाचे एक उत्तर दिल्लीत शोधले गेले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये दिल्लीत न्यूक्लिअर सायन्स सेंटर स्थापन केले. आज ते आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्र म्हणून ओळखले जाते. देशभरातील विद्यापीठांचे संशोधक तेथील पेलेट्रॉन त्वरकावर प्रयोग करतात. मात्र त्याच विद्यापीठांच्या अध्यापन-प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांच्या हाती साधी मापनसाधनेही नसत. ही दरी बुजवण्यासाठी २००४ मध्ये केंद्राने ‘फिनिक्स’ प्रकल्प हाती घेतला. त्याची धुरा बी. पी. अजित कुमार यांनी वाहिली. स्वस्त उपकरणे घडवणे आणि अध्यापकांना प्रशिक्षण देणे, ही त्याची दोन उद्दिष्टे होती.

फिनिक्सचे आरंभीचे उपकरण संगणकाच्या पॅरलल पोर्टला, म्हणजे मुद्रकासाठी असलेल्या जोडणीला लावले जाई. सामान्यतः ‘३७८’ या षोडशमान पत्त्यावर लिहिलेला आकडा तिथल्या आठ तारांवर विद्युतदाब होऊन प्रकटतो. पुढच्या पत्त्यावरून पाच तारांची स्थिती वाचता येते. परंतु लिनक्समध्ये सामान्य प्रोग्रामला हे पत्ते थेट हाताळू दिले जात नाहीत. तो अधिकार कर्नेलचा, आणि कर्नेलच्या वतीने यंत्राशी बोलणाऱ्या ड्रायव्हरचा.

पीसीआय कार्डांच्या बाबतीत हीच कल्पना आणखी पुढे जाते. त्यांची नोंदस्थाने, म्हणजे रजिस्टरे, बहुधा स्मृतीच्याच पत्त्यांच्या पट्ट्यात बसवलेली असतात. प्रोसेसर वाचतो ‘स्मृती’, पण उत्तर देते कार्ड. ड्रायव्हरलाही तो भौतिक पत्ता जसाच्या तसा वापरता येत नाही. आधी तो पट्टा आपल्या नावे राखून ठेवायचा, ‘आयओरिमॅप’ने त्याचा आभासी पत्ता मिळवायचा आणि मग ‘रीडएल’ व ‘रायटएल’ यांनी व्यवहार करायचा. इथे कॅश टाळावी लागते. कारण कार्डाची स्थिती क्षणात पालटते आणि कॅशमधले उत्तर शिळे ठरते. शिवाय लिहिलेला आकडा वाटेत थोडा रेंगाळू शकतो. तो पोहोचल्याची खात्री हवी असेल, तर त्याच कार्डावरून काहीतरी वाचून घ्यावे लागते. पॅरलल पोर्टचे पत्ते स्मृतीहून वेगळ्या क्षेत्रात असले, तरी तत्त्व तेच : पत्त्यामागे साठवण नसते, यंत्र असते.

आता पुन्हा गोळीकडे वळू. लिनक्सच्या २.४ आवृत्तीत साध्या पीसीवर कर्नेलच्या घड्याळाचा ठोका १० मिलिसेकंदांचा असे. सामान्य प्रोग्रामला मध्येच थांबवून प्रोसेसर दुसऱ्या कामाला जुंपला जाई आणि नेमका तोच क्षण निसटे. म्हणून फिनिक्समध्ये वेळेशी निगडित काम कर्नेलमधील ड्रायव्हरकडे सोपवले गेले. विद्यार्थी पायथॉनमध्ये सोपी आज्ञा लिही. काटेकोर मोजणी आत होई.

या सोयीची किंमत होती. कर्नेलमधील एक चूक सबंध संगणक बंद पाडू शकते. कर्नेलची आवृत्ती बदलली की ड्रायव्हर नव्याने संकलित करावा लागतो. दूरच्या महाविद्यालयातील एकट्या अध्यापकासाठी हा अडथळा लहान नव्हे. त्यातच नव्या संगणकांवरून पॅरलल पोर्टही नाहीसा होऊ लागला.

तेव्हा वेळेची जबाबदारीच संगणकाबाहेर काढण्यात आली. फिनिक्सच्या पुढच्या रूपात एटीमेगा१६ हा सूक्ष्मनियंत्रक आला. त्याच्याजवळ प्रोग्रामसाठी १६ किलोबाइट आणि कामापुरती १ किलोबाइट स्मृती; पण त्या छोट्याशा जगात मध्येच हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. संगणकाने केवळ आज्ञा पाठवायची आणि उत्तर घ्यायचे. याच वाटेने पुढे ‘एक्सपआइज’ घडले : १२ बिटांचे मापन, मायक्रोसेकंदापर्यंतची कालमोजणी, यूएसबी जोडणी आणि सर्वांसाठी खुले आराखडे.

गंमत अशी, की पत्त्यांचा खेळ संपला नाही. एटीमेगा१६ मध्येही यंत्राची रजिस्टरे स्मृतीच्या पत्त्यांतच वसलेली आहेत. फरक एवढाच, की तिथे विद्यार्थी चुकला तर प्रयोगशाळेचा संगणक कोसळत नाही. सूक्ष्मनियंत्रक पुन्हा सुरू करायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

ड्रायव्हर लिहिता येणे हे कौशल्य आहेच. पण कोणते काम कर्नेलमध्ये ठेवावे आणि कोणते तिथून बाहेर काढावे, हे ओळखणे त्याहून मोलाचे. फिनिक्सने हे ओळखले, म्हणूनच चुकण्याची मुभा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली. आणि प्रयोग शिकण्यासाठी तिच्याइतके आवश्यक दुसरे काही नाही.